जर्की दिली की पोट बिघडतं, बंद केली की बरं वाटतं, पुन्हा दिली की पुन्हा तेच: याचा माग कसा काढायचा

तक्रार साधारण अशी असते. कुत्र्याला उलटी झाली, दोन दिवस दहीभातावर ठेवला, बरा झाला. पंधरा-वीस दिवसांनी पातळ शी, कधी त्यात शेंब, कधी रक्ताचा तार. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोटाच्या गोळ्या दिल्या, पुन्हा बरा. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये शिह त्झू, पग आणि पॉम एवढे आहेत की संध्याकाळी खाली उतरलं की ही कहाणी कुणाकडून तरी ऐकू येतेच. शेवटचं वाक्यही ठरलेलं: "काय करणार, त्याचं पोटच नाजूक आहे."

पोट नाजूक आहे हे निदान नव्हे, शोध थांबवण्याची सबब आहे. दुखणं ये-जा करत असेल तर घरात काहीतरी ये-जा करतंय, आणि बहुतेक घरांत ती वस्तू म्हणजे खाऊचं पाकीट. त्यातही चिकन जर्की, डक जर्की (म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) किंवा चिकन गुंडाळलेल्या कांड्या असतील तर प्रश्न पोटापुरता राहिलेला नसण्याची शक्यता धरून चालायला हवं. म्हणून हा शोध मी पोटाच्या मागे न लावता लघवीच्या मागे लावायला सांगते. का ते पुढे येईलच.

आधी हे बघा: जर्की खरंच बंद झाली आहे का?

"आम्ही बंद केली होती तरी त्रास झाला" असं सांगणाऱ्या दहा घरांपैकी बहुतेकांत ती बंद झालेलीच नसते. आईने बंद केलेली असते. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात दोन तुकडे असतात, कारण तो त्यांच्याकडे बघत बसतो आणि त्यांना ते बघवत नाही. सकाळी फिरवायला येणारा मुलगा कमरेच्या पाऊचमधून "बस" म्हटल्यावर काहीतरी भरवतो, आणि ते काय असतं हे कुणी विचारलेलं नसतं. लिफ्टमध्ये भेटणारी पोरं, वॉचमनकाका, ग्रूमिंगवाला, सगळे प्रेमाने देतात.

दुसरी पळवाट पाकिटांच्या नावांत आहे. पट्टीच्या आकाराची जर्की बंद होते. पण कॅल्शियमच्या हाडाभोवती गुंडाळलेलं चिकन, रताळ्याच्या कापाला चिकटवलेलं बदक, दात साफ करणाऱ्या कांडीवरचा चिकनचा थर, हे सगळं चालूच राहतं. हा सगळा माल त्याच वाळवलेल्या मांसाचा आहे. तेव्हा पाकिटाचं नाव बाजूला ठेवा आणि मागची घटकांची यादी वाचा. घरातलं प्रत्येक पाकीट एका पिशवीत भरा, पिशवी कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, फ्रिजवर कागद चिकटवा, आणि आजोबांना खिशात ठेवायला उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे डबीत घालून द्या. नुसतं "देऊ नका" म्हणून आजोबा ऐकत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

पाकिटं फेकू मात्र नका. त्यांचं काम पुढे आहे.

पाणी मोजा

सकाळी भांड्यात मोजून पाणी घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. दिवसभरात आणखी ओतलं तर तेही लिहून ठेवा. बाथरूमचं दार बंद ठेवा. बादलीतून पिणारे बहाद्दर बरेच असतात आणि मग हिशेब चुकतो. सलग तीन-चार दिवस मोजलं की चित्र दिसतं.

निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५०-६० मिली पाणी पितो. कोरडं पॅकेटचं खाणं खाणारा जास्त पितो, ओलं खाणारा कमी. मे महिन्यात आकडा वर जाणारच. पण किलोमागे १०० मिलीच्या वर सातत्याने जात असेल, म्हणजे सहा किलोचा शिह त्झू रोज ६०० मिलीहून जास्त रिचवत असेल, तर ते उन्हाळ्यावर ढकलू नका. त्याच सुमारास घरात लघवी होऊ लागली असेल, रात्री दार खरवडत असेल, तर "म्हातारा झाला" किंवा "शिस्त बिघडली" म्हणून ओरडण्याआधी पुढची तपासणी करा.

लघवीत साखर आहे का?

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगून जाणारी तपासणी हीच, आणि तीच सर्वांत कमी होते. कुठल्याही केमिस्टकडे माणसांच्या मधुमेहासाठी लघवीच्या पट्ट्या मिळतात, साखर आणि प्रथिनं दाखवणाऱ्या. त्याच चालतात.

सकाळची पहिली लघवी घ्या. नर असेल तर लांब दांड्याचा जुना डाव पुढे करा. मादी खाली बसते, तिच्यासाठी पसरट बशी मागून सरकवा. ती वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. हातमोजे घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. कारण खाली सांगते. पट्टी बुडवून बाटलीवर सांगितलेली वेळ मोबाइलवर लावा आणि रंग जुळवा. नमुना फ्रिजमध्ये ठेवला असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, थंड लघवीत साखर कमी दिसते. आणि पट्ट्यांची बाटली उघडी ठेवू नका. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत उघड्या पट्ट्या बिघडतात आणि खोटं सांगतात.

साखर आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट रक्तातली साखर. या टप्प्यावर एक घोटाळा होऊ शकतो: लघवीत साखर दिसली की मधुमेह समजून इन्शुलिनची भाषा सुरू होते. कुत्र्याच्या रक्तातली साखर साधारण १८० ते २२०च्या वर गेली तरच ती मूत्रपिंडातून सांडते. रक्तात साखर नेहमीसारखी आणि लघवीत मात्र आहे, तर हा मधुमेह नव्हे, आणि अशा कुत्र्याला इन्शुलिन देणं धोक्याचं. हा बिघाड मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांचा आहे.

मूत्रपिंड आधी रक्तातलं बरंच काही गाळून टाकतं आणि मग नलिकांच्या सुरुवातीच्या भागात कामाचं ते परत ओढून घेतं: साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट. तो भाग दुखावला की हे सगळं लघवीवाटे वाहून जातं. याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. बसेंजी जातीत तो आनुवंशिक असतो. आपल्याकडे बसेंजी औषधालाही सापडणार नाही, त्यामुळे शिह त्झू किंवा पॉममध्ये तो दिसला तर बाहेरून काहीतरी गेलंय असं समजायचं. आणि जर्कीशी जोडला गेलेला आजार नेमका हाच आहे.

फसवणारी बाब अशी की सुरुवातीला क्रिएटिनिन आणि युरिया अगदी व्यवस्थित असू शकतात. "किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात, घरी येऊन त्याला शाबासकी म्हणून पुन्हा एक पट्टी देतात. केएफटी (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल असली तरी लघवीची तपासणी मागून घ्या. साखर सापडली असेल तर पोटॅशियम, फॉस्फरस आणि रक्ताची आम्लता हेही बघायला सांगा, कारण औषध त्यावर ठरतं. खाऊ थांबवला आणि वेळेवर उपचार मिळाले तर अनेक कुत्रे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. काही सावरत नाहीत.

पट्टी एकदा कोरी आली म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. आठवड्याभरात पुन्हा एकदा बघा. दोन्ही वेळा कोरी, पाणी प्रमाणात, तर मूत्रपिंडाची चिंता बरीच कमी झाली आणि तुम्ही पोटाच्या साध्या कारणांकडे वळू शकता.

जर्कीवर एवढा संशय का?

कारण यामागे मोठा इतिहास आहे. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जर्की खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. बहुतेक माल चीनमधून आलेला, बहुतेक चिकनचा. बदक, रताळं, सुकं फळ यांच्याही तक्रारी होत्या. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत सुमारे ५,२०० तक्रारी जमल्या. त्यांत ६,२०० हून जास्त कुत्रे, २६ मांजरी आणि तीन माणसं होती. ११४० हून जास्त कुत्रे दगावले होते. साधारण ६० टक्के तक्रारी पोटाच्या, ३० टक्के मूत्रपिंड आणि लघवीच्या, उरलेल्यांत झटके, त्वचा वगैरे. ऑस्ट्रेलियातही २००७ ते २००९ या काळातल्या १०८ कुत्र्यांचा अभ्यास पशुवैद्यांनी २०१३ मध्ये छापला. सुकं चिकन खाल्लेलं आणि नलिकांचा हाच बिघाड.

कारण काय निघालं? नाही निघालं. साल्मोनेला हे जंतू, जड धातू, कीटकनाशकं, मेलामाइन, बुरशीची विषं, सगळं तपासून झालं. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कृषी खात्याला काही मालात प्रतिजैविकांचे अंश सापडले आणि काही मोठ्या ब्रँडांनी माल बाजारातून परत घेतला. पुढे २०१४ मध्ये अमँटाडीन हे विषाणूविरोधी औषधही काही नमुन्यांत सापडलं. या दोन्ही गोष्टी तिथे असायला नको होत्या, पण कुत्रे यांच्यामुळेच मेले असं सिद्ध झालं नाही. पेटको आणि पेटस्मार्ट या अमेरिकी दुकानसाखळ्यांनी नंतर चिनी बनावटीचा असा खाऊ विकणं बंद केलं आणि तक्रारीही घटल्या.

यातून "चिनी नसलं की झालं" असा सोयीस्कर अर्थ लोक काढतात. मला तो पटत नाही. विष कुठलं हेच ठाऊक नसेल तर ते दुसऱ्या कारखान्यात नाही हे कुणी कशाच्या जोरावर सांगायचं? शिवाय अमेरिकेत पाकिटावर प्रत्येक घटक कुठल्या देशातून आला हे लिहिण्याची सक्तीच नाही. पाकीट एका देशाचं आणि आतलं चिकन दुसऱ्या देशाचं, हे सहज होऊ शकतं. म्हणून "सुरक्षित ब्रँड कुठला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि छातीठोकपणे नाव सांगणाऱ्या दुकानदाराकडेही नसतं. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे हेही खरं. जर्की खाणारे बहुसंख्य कुत्रे ठणठणीत असतात. पण तुमचा कुत्रा वारंवार आजारी पडतोय, म्हणून तुम्ही हे वाचताय.

जर्कीच्या नावावर खपणारे दुसरे आजार

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात पहिला विचार लेप्टोचा. उंदीर-घुशींची लघवी मिसळलेलं साचलेलं पाणी चाटलं, त्यातून चालत गेला, की लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. तोही मूत्रपिंडावर बसतो, आणि त्यातही रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर येऊ शकते. म्हणजे पट्टीवर दोन्ही सारखे दिसतात. फरक असा की लेप्टोत ताप, अंगदुखी, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं असू शकतं, आणि तो माणसाला होतो. हातमोज्यांचं कारण हेच. लसीच्या वहीत लेप्टोची नोंद आहे का बघा. ती दरवर्षी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये साखर सापडली तर डॉक्टरांना जर्की आणि पाण्यातली भटकंती, दोन्ही सांगा. एकच सांगितलं की तपासही एकाच दिशेने जातो.

गणपतीत आणि दिवाळीत मनुका तपासा. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि प्रसादाच्या शिऱ्यातल्या चार मनुका कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. तळणीचं, मटणाची चरबी खाल्ल्यावर पोट दुखून पाठ कमान करून उभा राहत असेल तर स्वादुपिंडाची सूज. शी सतत चिकट आणि घाण वासाची असेल तर जिआर्डिया, जंत. त्यासाठी शीचा ताजा नमुना. गोचीड ताप वेगळा, रक्तात कळतो.

पाण्याचा घोटही टिकत नसेल, रक्त पडत असेल, लघवीच होत नसेल, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसत असतील, तर मोजमाप सोडा आणि निघा. जवळचं रात्री उघडं असणारं क्लिनिक आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, पण आजारी कुत्रा घेऊन तिथवर जायला किती वेळ लागतो हे ईस्टर्न एक्स्प्रेसवर अडकलेल्याला विचारा.

पाकीटच बिघडलेलं असेल तर

मूत्रपिंड ठीक आहे आणि फक्त पोट बिघडतंय, तर बऱ्याचदा दोष साठवणुकीत सापडतो. मऊ जर्कीत ओलावा टिकवायला ग्लिसरीन घालतात. उघडं पाकीट आपल्या पावसाळ्यात आठवडाभर ओट्यावर राहिलं की बुरशी धरतं. डोळ्यांना दिसणारी लव म्हणजे सगळं पाकीट गेलं, "तेवढाच तुकडा काढू" चालत नाही. खवट वास येत असेल तर चरबी खराब झाली. उन्हात तापलेल्या गोदामातून आलेलं पाकीट तारीख शिल्लक असूनही खवट असू शकतं. पेट शॉपमधल्या बरणीतून सुटी मिळणारी जर्की घेऊच नका. तिला ना बॅच, ना तारीख, ना बनवणाऱ्याचं नाव, आणि बरणीत दिवसभर हात जात असतात. साल्मोनेला कोरड्या मांसावरही टिकतो, म्हणून खाऊ दिल्यावर हात धुवायचे, लहान मुलांचे तर नक्की.

आणि प्रमाण. लोक म्हणतात, "जर्की म्हणजे आपलं सुकटच की!" असेल, पण सुकटही कुणी वाटीभर नुसतं खात नाही. शंभर ग्रॅम जर्कीत तीन-चारशे ग्रॅम कच्चं चिकन आटलेलं असतं. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा असतो. पाच किलोच्या कुत्र्यासाठी ती मर्यादा साधारण ३७ कॅलरी, म्हणजे जर्कीचे दहा-अकरा ग्रॅम. एकेक पट्टीच तेवढी भरते. घरातल्या चार जणांनी एकेक दिली की संपलं. अमेरिकेतल्या इशाऱ्यांतही छोट्या कुत्र्यांच्या घरांना हे प्रमाण जपायला मुद्दाम सांगितलेलं होतं.

मग द्यायचं काय?

ज्याच्या लघवीत एकदा साखर आली, त्याला जर्की कायमची बंद. "थोडी देऊन बघू" हा प्रयोग त्याच्यावर करायचा नाही. ज्याचं फक्त पोट बिघडत होतं त्याला दोन-तीन आठवडे नेहमीचं जेवण सोडून काहीही नको, मग एका वेळी एकच नवी गोष्ट. माझं मत विचाराल तर त्या यादीत जर्की परत आणण्याची गरजच नाही. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, गाजर, काकडी, लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद यांवर कुत्रे तितकेच उड्या मारतात. कांदा-लसूण नको, खारा बांगडा नको.

घरी वाळवायचीच हौस असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे, मग ५५-६० अंशांवर वाळवायचं. कच्चं चिकन थेट मंद आचेवर वाळवलं की जंतू मरण्याऐवजी कोरडेपणात तग धरतात. गच्चीतल्या उन्हावर तर अजिबात नाही. तयार झालेलं फ्रीझरमध्ये.

जपून ठेवलेल्या पाकिटांचं काय करायचं

पुढचा-मागचा फोटो, बॅच नंबर, तारखा, बिल. उरलेला खाऊ हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये, वर मोठ्या अक्षरांत "खाऊ नये" लिहून, नाहीतर आजोबा आहेतच. डॉक्टरांच्या कागदावर खाऊचं नाव आणि कधी खाल्ला हे लिहून घ्या. नुसतं "पोटाचा त्रास" लिहिलेल्या कागदाचा पुढे उपयोग होत नाही. मग पाकिटावरच्या ग्राहक सेवेला लेखी ईमेल करा, फोनवर बोलून सोडू नका.

ठाण्यातले बरेच जण थेट आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जातात आणि हात हलवत परत येतात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न म्हणजे माणसाच्या खाण्याचं; पशुखाद्य त्यातून वगळलेलं आहे. तुमचा रस्ता ग्राहक म्हणून आहे: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, तयार केल्याचा महिना-वर्ष, निव्वळ वजन, किंमत, आणि आयात माल असेल तर मूळ देश यांपैकी काही नसेल तर ती तक्रार वैधमापन शास्त्र (वजन-मापं) विभागाकडे जाते, आणि तिथे कुत्रा आजारी पडल्याचं सिद्ध करावं लागत नाही, पाकीट दाखवलं की पुरतं.